चिमूटभर पीठ

आमचा गिरणीवाला गिरणी बंद असतानाही ओरडूनच बोलतो. माझ्या सात वर्षांच्या नातीला गव्हाचा कणही चालत नाही. म्हणून तिची ज्वारी सर्वांआधी, गिरणी साफ करूनच दळावी, असा लेखी अर्ज मी त्याला पोच घेऊन दिला. त्याने तो देवाच्या तसबिरीखाली चिकटवला. दर शनिवारी तो आदल्या दिवसाचे गव्हाचे पीठ झाडून काढी, पिठाची कापडी नळी बदली आणि ओरडे, "काका, आता बराबर हाय! लेकराचं काम हाय, तकलीफ कसली?"

तरीही नातीच्या रक्तातले लोह वाढेना. डॉक्टर म्हणाले, "कुठून तरी गहू पोटात जातोच आहे. आतडी सुजलेली असताना लोह, कॅल्शियम अंगी लागत नाही." हाडे भरण्याचे तिचे हेच वय. तिचे मनगट धरायलाही मला भीती वाटू लागली.

नोटिशीचा मसुदा खिशात घालून मी गिरणीवर गेलो. त्याने सारी सफाई केली. ज्वारीचे पीठ पडू लागताच, बारीक आले का ते पाहण्यासाठी चिमूटभर बोटांत चोळले आणि पुन्हा डब्यात टाकले. गहू झाडलेला तो हात कोपरापर्यंत पांढरा होता.

"हात!" मी ओरडलो.

त्याने हाताकडे पाहिले. "काका, मंग वर्षभर मीच तिला गहू खाऊ घालून राहिलो काय?"

ती चिमूट दर शनिवारी मीही पाहत आलो होतो; आणि त्या घटकेला नात घरी मागच्याच दळणाची भाकरी खात बसली होती.