दोन तळांची पायली

कन्नडच्या आठवडी बाजारात बायका पदराआड एक गोष्ट बोलायच्या: पुंजाराम मापाऱ्याच्या धान्य मापायच्या पायलीला म्हणे दोन तळ आहेत. खरा तळ खाली, खोटा दोन बोटं वर. पायली दिसायला भरलेली, पोटात पोकळ! यात पहिला आवाज बानाबाईचा. मेंढरांमागं फिरणारं घर, शेताचा तुकडा नाही, त्यामुळं दर बाजारी ज्वारी विकत न्यायची. घरी नेऊन मोजली की दोन मुठी कमी. मग काय, एका तोंडाची दहा तोंडं झाली. कुणी म्हणालं, चोरीच्या ज्वारीवरच त्यानं घरावर पत्रे घातले. पत्रे सासऱ्यानं दिले होते, पण ते सांगण्यात काय चव?

खुद्द पुंजारामाला मात्र यातलं अवाक्षर ठाऊक नव्हतं. काकासाहेबांच्या धान्याच्या दुकानापुढं तो छाती काढून बसायचा. पायली काठोकाठ भरायची, वर ज्वारीची टेकडी रचायची. तिला म्हणायचं शीग. ती न ढळू देता गिऱ्हाइकाच्या पोत्यात रिती करायची. पहिल्या मापाला ‘एक’ म्हणायचं नाही, ‘लाभ’ म्हणायचं. मग दोन, तीन. बापानं हेच केलं, आज्यानं हेच केलं. पोलीस अ‍ॅक्शन झाली, रझाकार पळाले, निजामाचा हाली रुपया गेला, पायली जागची हलली नाही.

ती हलवली किलोनं. साठ-एकसष्टचं साल असेल. काकासाहेबांनी शहरातून, औरंगपुऱ्यातून नवा काटा आणि लोखंडी वजनं आणली.

“पुंजाराम, पायली बंद. कायदाच निघालाय.”

“आन् मी?”

“तू काटा धर. त्यात काय, बिनडोक काम हाय.”

बिनडोक! पुंजारामानं काटा धरला. पहिलं गिऱ्हाईक नेमकी बानाबाई. पारडी समोरासमोर आली आणि त्यानं सवयीनं पुकारा केला, “लाभ!”

“एक म्हण, एक!” काकासाहेब गादीवरून ओरडले. “किलोला लाभ नसतो.”

बानाबाई पोतं मिटून उभी. “शीग कुठाय?”

“किलोला शीग नसती, बाई.”

“का रं? निजामाच्या राज्यात शीग व्हती, आन् आपल्या राज्यात नाय?”

सगळा बाजार खो खो हसला. पुंजारामाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. बिनशिगीचं माप त्यानं जन्मात दिलं नव्हतं. त्यानं ओंजळभर ज्वारी पारड्यात टाकली. पारडं धाडकन खाली बसलं. मग काय, मागच्या प्रत्येक बाईला शीग पाहिजे! आणि हा प्रत्येक किलोवर ओंजळ टाकत सुटला. दुपारपर्यंत पोतं तळाला गेलं.

काकासाहेब खाली उतरले. “अरे, तू माझा माणूस का गिऱ्हाइकाचा?”

“मी मापाचा माणूस. कमी मापलं तर लोक चोर म्हणतील मला.”

“म्हणतील कशाला? दहा वर्सं झाली, म्हणतेतच की! दोन तळाची पायली. तुला कुणी सांगितलं नाय व्हय?”

दहा वर्षं! राम राम घालणारी, लेकीच्या लग्नात जेवून गेलेली ही सगळी माणसं! पुंजारामानं पायली उचलली, तडक लोहाराकडं गेला आणि म्हणाला, “उभी काप.” लोहारानं दोनदा विचारलं, मग छिन्नी लावली. दोन फाकी हातांत घेऊन तो बाजारात परत आला.

“बघा! तळ मोजा! या की सगळे!”

काट्यापुढं बायकांची झुंबड. मान वळवायला कुणाला सवड नव्हती. शेवटी त्यानं बानाबाईच्या नाकासमोरच फाक धरली. “बघ गं माय, किती तळ हायेत?”

बानाबाईनं तिरकं पाहिलं. “ही दुसरीच असंल. चोर काय खरी पायली कापून दाखवतो व्हय?”

आणखी एक कापली तर ती म्हणणार तिसरी असंल. पुंजारामानं दोन्ही फाकी तिथंच आदळल्या आणि चालू लागला. पुढच्या बाजारापासून तो रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेला. मरेपर्यंत त्याला लोक दोन तळाचा पुंजाराम म्हणत राहिले.

पायलीला तळ एकच होता. बानाबाई घरी मोजायची ती पायली तिच्या माहेरची, करमाडची होती. करमाडची पायली कन्नडच्या पायलीपेक्षा दोन मुठींनी मोठी होती.