नारळावरचं न्यूयॉर्क

सकाळी माहीमहून, मुंबईतल्या नव्हे, आमच्या पानवाड्यांच्या माहीमहून, काकूचा फोन आला, वसंतकाका गेले. मी तेव्हा सरावलीच्या घरातून गाडीची किल्ली घेऊन निघतच होतो, त्यांच्याच मुलीला विमानतळावरून आणायला. माझ्या तोंडून पहिलं निघालं ते, "प्राजू कुठवर आलीय?" काकू म्हणाली, "कास्पियन समुद्रावर हाय. मोबाइल अजून त्यांच्या हातातच हाय रे..."

माणूस भलता हौशी! सगळा जन्म पानवेलीच्या वाडीत गेला, पण प्राजू लग्न होऊन न्यूयॉर्कला गेली आणि काकांना विमानांचं खूळच लागलं. साडेबारा हजार किलोमीटर, पंधरा-सोळा तास, हे आकडे ते लग्नाच्या पंगतीतसुद्धा वाढायचे. ती यायला निघाली की मोबाइलच्या नकाशावर तिचं सरकणारं इवलंसं विमान लावून ओटीवर बसायचे, आणि अख्खी आळी येताजाता चौकशी करायची, कुठवर आली म्हणून.

पहिल्या वेळची गंमत आठवली की अजून हसू फुटतं. विमान सरळ पूर्वेला यायचं सोडून नकाशावर वर वर सरकायला लागलं. लगेच मला फोन: पायलट वाट चुकला, कंपनीला कळव! मी यथेच्छ टिंगल केली, पण असं का, ते मलाही धड सांगता येईना. काकांना चैन पडेना. मग एक दिवस मला बोलावून घेतलं. समोर सोललेला नारळ, त्यावर पानाच्या डबीतल्या चुन्याचे दोन ठिपके, एक मुंबई, एक न्यूयॉर्क. पानं बांधायचा केळीचा दोर दोन्हींवर ताणला, तर तो आपसूक वरच्या अंगाला सरकला. काका अक्षरशः नाचले. "बघ, जवळची वाट वरनंच जाते! पायलट शाणा हाय, आमीच येडे." दूधवाल्यापासून पुजाऱ्यापर्यंत सगळ्यांना तो नारळ दाखवून झाला, आणि काकूच्या चटणीचा बेत बोंबलला.

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी हात टेकले. काकांना एकच ध्यास, पोरीला एकदा डोळे भरून बघायचं. प्राजू मिळेल त्या विमानाने निघाली. काल संध्याकाळी मी गेलो तेव्हा बोलणं जवळजवळ थांबलं होतं, तरी डोळे लखलखत होते. "निघाली रे! तू टायमावर जा," एवढंच म्हणाले... काका, थोडं थांबायचं होतं हो.

विमानात तिला काही कळवायचं नाही, असं काकूने ठरवलं. मी विमानतळाच्या दाराशी उभा, आणि फोन वाजला. प्राजूला धाप लागली होती, पळत होती बहुतेक.

"दादा, वारा पाठीशी होता, वेळेच्या आधीच उतरलोय! बाबांना सांग, मी पोचले."

मी म्हटलं, "बाहेर ये. मी दारातच आहे."