मागच्या सीटवरचा जावई

टेंभुर्णीच्या साहेबरावांनी लेकीच्या लग्नात जावयाला मोटारसायकल दिली, आणि तेव्हापासून जावयाच्या जिवाला स्वस्थता म्हणून राहिली नाही.

दिली तेव्हा असं होईल, हे कुणाला वाटलं नव्हतं. मांडवाच्या तोंडाशी झेंडूचा हार घालून ती काळी गाडी उभी होती आणि बोहल्यावरून मच्छिंद्रची नजर सारखी तिच्याकडे जात होती. पण पहिल्यांदा तो तृप्तीला घेऊन सासुरवाडीला गेला, तेव्हा साहेबराव ओट्यावरून उतरले ते थेट गाडीपाशी. बैलाच्या पाठीवर मारावी तशी टाकीवर थाप मारून म्हणाले, "काय म्हणती आमची गाडी?"

लेकीची, जावयाची विचारपूस मागाहून. चहा झाला की हात पुढे आलाच. "आणा चावी, जावईबापू. चौकात जाऊन येऊ."

मामा पुढे, जावई मागे. दर टपरीपाशी गाडी थांबायची. लोक म्हणायचे, "साहेबराव, गाडी लई जपली." साहेबराव म्हणायचे, "जपणारच. आमची हाय ना." मच्छिंद्र मागच्या सीटवर पोतं ठेवावं तसा बसून असायचा आणि हसायचा. त्या हसण्यानं त्याचे गाल दुखायचे.

बदनापूरजवळ बियाण्याच्या कंपनीत तो पॅकिंगच्या मशीनवर होता. मशीन पिशवीमागून पिशवी शिवत जाई आणि तिच्या खडखडाटात त्याला एकच ऐकू येई, आमची गाडी, आमची गाडी. एक दिवस सुट्टी झाल्यावर तो घरी गेलाच नाही. सरळ इजहारच्या गॅरेजात गेला.

"इजहारभाई, हा पुढच्या लाइटचा डूम काढा. माझ्या पसंतीचा लाइट बसवा."

गोल एलईडी बसला. संध्याकाळी रस्त्यावर असा पांढरा झोत पडला की दूरच्या बाभळीचे काटे मोजून घ्यावेत. मच्छिंद्रला वाटलं, आता ही आपली झाली. पण पुढच्या खेपेला साहेबरावांनी तो लाइट बोटांनी चाचपला आणि ओट्याकडे तोंड करून म्हणाले, "आमच्या गाडीला चष्मा लागला, बरं का!" ओटा हसला.

मग तो थांबलाच नाही. दोन्ही बाजूंना फॉग लाइट आले, अलॉयची चाकं आली. सायलेन्सर बदलला. टाकी काळ्याची निळी झाली. हँडल गेलं, तिथं शर्यतीच्या गाडीसारखं बुटकं हँडल आलं. दर बदलानंतर थोडे दिवस तो शीळ घालत हिंडायचा आणि पुन्हा त्याला चैन पडेनासं व्हायचं. जेवताना अर्ध्या भाकरीवर उठून दारात जायचा, गाडीकडे बघत उभा राहायचा.

"अहो, तिला का पाय फुटले?" तृप्ती म्हणायची. "जेवा की धड."

इजहार तर हात पुसत म्हणाला होता, "मच्छिंद्रभाऊ, आता फक्त तुम्हीच बदलायचे राह्यले."

शेवटी सीट बदलली. मागून वर चढत गेलेली, चिंचोळी. तिच्या आड येतं म्हणून मागच्यानं धरायचा दांडा काढला आणि साडीगार्डही काढलं. इजहार पाना हातात धरून जरा थांबला. "भाभी कुठं बसतील?"

"बसंल की धरून," मच्छिंद्र म्हणाला.

तृप्ती एकदा बसली. पाय टेकायला जागा नाही, पदर चाकाकडे ओढ घेतोय. गल्लीच्या टोकाशी ती उतरली आणि पायी घरी आली. त्यानंतर कुठं जायचं झालं की ती रिक्षा बघायची. मच्छिंद्रच्या ध्यानात ते येत होतं. पण त्याचं सगळं चित्त टेंभुर्णीत होतं.

अधिक महिना लागला आणि धोंड्याच्या जेवणाचं बोलावणं आलं. सकाळी तृप्ती पिशवी भरून म्हणाली, "तुम्ही व्हा पुढं. मी येते बसनं."

तो एकटाच पोचला. सासूबाई, उषाबाई, तेवढ्या म्हणाल्या, "पोरगी कुठंय?" "मागून येऊन राह्यली," तो म्हणाला. साहेबराव ओट्यावरून उतरले आणि रस्त्याकडे बघत राहिले.

"गाडी कुठंय?"

"ही काय मामा."

साहेबरावांनी तिच्याभोवती फेरी मारली. थाप मारायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला. "हिच्यात आमचं काय राह्यलं?"

"काहीच न्हाई मामा." हे उत्तर मच्छिंद्रनं वाटेत कितीदा तरी म्हणून पाहिलं होतं.

तरी सवयीनं चावीसाठी हात पुढे आलाच. साहेबराव बसले. त्या बुटक्या हँडलाला धरायचं तर त्यांना टाकीवर पालथं पडावं लागलं. शेजारचा कचरू ओरडला, "साहेबराव, पव्हाया निघाले का?" साहेबराव उतरले, धोतर सावरलं आणि चावी परत दिली. "न्या बापू तुम्हीच. तुमचीच हाय."

मच्छिंद्र पुढे, मामा मागे. चौकात कुणीतरी विचारलं, "कुणाची हो गाडी?"

"जावयाची," साहेबराव म्हणाले.

मच्छिंद्रनं ते नीट ऐकलं. आत काहीतरी निवेल म्हणून वाट पाहिली. निवलं काहीच नाही. उलट आरसे जरा मोठे पाहिजे होते, असं त्याच्या मनात येऊन गेलं.

तेवढ्यात जालन्याची बस आली. धुळीनं माखलेली तृप्ती पिशवी घेऊन उतरली. साहेबराव घाईनं सीटवरून उतरले. "बस बाई. मी येतो पायी."

"न्हाई आप्पा. हिच्यावर मला बसताच येत न्हाई."

साहेबरावांनी सीटकडे पाहिलं, मग लेकीकडे. "आमच्या गाडीवर बसत व्हती की गं तू," एवढंच ते म्हणाले आणि चालू लागले. बापलेक बोलत पुढे निघाले.

मच्छिंद्रला गाडीवर बसून त्यांच्या पुढे जाववेना. इंजिन बंद करून तो गाडी ढकलत मागून निघाला. टपरीवरून आवाज आला, "जावईबापू, पेट्रोल सपलं का?"

"न्हाई."

"मंग बसा की!"

त्यानं घाम पुसला. "तृप्ती, पिशवी तरी दे इकडं."

ती थांबली. गाडीवर पिशवी ठेवायला कुठं जागा आहे का, ते तिनं पुढून मागून पाहिलं, आणि पिशवी त्याच्या खांद्याला अडकवून पुन्हा बापाबरोबर चालू लागली.