श्रद्धावंतांच्या प्रार्थना आणि पास्कू मामांचं टक्कल

मी आजवर सतरा वेळा मेलो आहे. त्यांतल्या तीन वेळा तर आगाशीच्या बाजारात, भाजी घेताना.

पहिल्या वेळी हातात वांगी होती. अचानक छातीत कुणीतरी मूठ आवळली, बोटांना मुंग्या आल्या, पायाखाली जमीन आहे की काढून नेली तेच कळेना, आणि डोक्यात एकच वाक्य: बावतीस, संपलास! लोकांनी मला रिक्षात कोंबून दवाखान्यात नेलं. (वांगी हातातच. कार्डिओग्राम काढताना दोन नर्सनी मिळून ती सोडवली.) डॉक्टर कागदाची पट्टी बघत म्हणाले, "हृदय घोड्याचं आहे तुमचं. हा पॅनिक अटॅक."

"म्हणजे मी मरत नाहीये?"

"आज तरी नाही."

त्या 'आज तरी'ने पुढचे सोळा अटॅक आणले!

शेवटी बायकोने, म्हणजे फिलूने, मला वसईच्या समुपदेशक बाईंसमोर नेऊन बसवलं. बाई म्हणाल्या, "गोळ्या लागल्या तर डॉक्टर देतील. आधी एक सवय लावू. भीती आली की समोर दिसतात त्या पाच गोष्टींची नावं घ्यायची. मनात नाही, तोंडाने. आणि प्रत्येक नावानंतर थांबून एक लांब श्वास."

मी लगेच सराव सुरू केला. नंदाखालला परतताना बसमध्ये छाती धडधडली, तसा मी मोठ्याने म्हणालो, "खिडकी... छत्री... कंडक्टरच्या कानातले केस..." पुढच्या स्टॉपवर अर्धी बस उतरली. सगळ्यांत आधी कंडक्टर! पण खोटं कशाला बोलू, धडधड थांबली.

आणि मग आमच्या अनिशाचं लग्न ठरलं.

साखरपुड्यात मी जे केलं ते अख्खं नंदाखाल जाणतं. ऐन अंगठीच्या वेळी माझा श्वास अडकला आणि मी थेट मागच्या केळीच्या बागेत पळालो. फोटोत नवरीची आई आहे, नवरीचे पास्कू मामा आहेत, आणि नवरीचा बाप म्हणून एक रिकामी खुर्ची आहे. फोटो फ्रेम करून हॉलमध्ये लावलाय. अनिशा रोज त्याची धूळ पुसते, हे त्यातलं सगळ्यांत वाईट.

आता आमच्या घरात मुलीच्या लग्नाच्या मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, श्रद्धावंतांच्या प्रार्थना नवरीचा बापच वाचतो. पाच विनंत्या. बापाने एक वाचायची, थांबायचं, की सगळं चर्च एका सुरात म्हणतं, 'हे प्रभू, आमची प्रार्थना ऐकून घे.' पाच ओळींचं काम. मला मात्र ते पाचव्या मजल्यावरून उडी मारण्याइतकं सोपं वाटत होतं.

"पप्पा, नाही जमलं तर पास्कू मामा वाचतील," अनिशा म्हणाली. "मी खरंच रागावणार नाही."

इतक्या समजूतदारपणे म्हणाली की मला राहवलं नाही. "मीच वाचणार!" मी गरजलो. (हे तोंड बोललं. बाकीच्या शरीराला विचारलंच नव्हतं.)

फिलू म्हणाली, "अहो, बघा हं. या वेळी पळालात तर केळींतच राहा. डबा पाठवीन."

लग्नाच्या सकाळी फादरांनी खूण केली आणि मी माईकसमोर जाऊन उभा राहिलो. समोर तीनशे माणसं. मला ती तीन हजार दिसली, आणि सगळी साखरपुड्याला येऊन गेलेली! हातातला कागद असा फडफडायला लागला की पहिल्या रांगेतल्या मावशींना वारा लागला असेल. अक्षरं मुंग्यांसारखी कागदावरून चालू पडली. छातीत ती ओळखीची मूठ. घामाने नवा कोट आतून धुऊन निघाला. शेजारचा दरवाजा उघडा होता, बाहेर माड दिसत होते, आणि माझा उजवा पाय माझी परवानगी न घेता तिकडे वळला.

तेवढ्यात अनिशाकडे लक्ष गेलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. ती त्या दरवाजाकडे बघत होती.

पाय थांबला. बाई आठवल्या. पाच गोष्टी. तोंडाने.

"मेणबत्ती," मी म्हणालो. आणि थांबून लांब श्वास घेतला.

माईक उत्तम चालू होता! मग बाप्तिस्म्यापासून लागलेल्या सवयीने, वाचणारा थांबला म्हणजे आपली पाळी आली या हिशेबाने, तीनशे माणसं म्हणाली:

"हे प्रभू, आमची प्रार्थना ऐकून घे."

आता माघार कशी घेणार? "पास्कू मामांचं टक्कल," मी म्हणालो.

"हे प्रभू, आमची प्रार्थना ऐकून घे!" त्यात मामा स्वतः होते, डोकं खाली, डोळे मिटलेले, भक्तिभावाने.

"फिलूचे वटारलेले डोळे."

या वेळी पुरुषमंडळींचा आवाज जरा जास्तच कळकळीचा होता.

"शेजारचा दरवाजा." इथे माझा आवाज फाटला. पण उत्तर आलं, तसंच, संथ, एका सुरात. आणि काय सांगू, तीनशे माणसं आपल्यासाठी एकदम श्वास घेतात ना, तेव्हा आपलाही त्यात ओढला जातो. मूठ सैल झाली.

"अनिशा," मी पाचवी गोष्ट म्हणालो.

सगळ्यांत मोठं उत्तर तेव्हा आलं. नवरी पदराआड... छे, त्या जाळीच्या व्हेलआड हसत होती की रडत होती, ते मला अजून सांगत नाही.

मग मी कागदावरच्या पाचही विनंत्या खणखणीत वाचल्या. फादर म्हणाले, "आज देवाला दुप्पट काम आहे."

जेवणाच्या वेळी मामांनी मला गाठलं. "बावत्या, तीनशे माणसांनी प्रार्थना केली, एक केस उगवला नाही!"

"मामा, आजच केलीय. थोडा वेळ द्या देवाला."

भीती गेली असं समजू नका. अजून येते, न कळवता, पाहुण्यासारखी. मग मी घरातच सुरू करतो, "पंखा... कॅलेंडर..." आणि आतून फिलू भाकरी थापता थापता उत्तर देते, "हे प्रभू, आमची प्रार्थना ऐकून घे." चांगलं चाललं होतं. परवा मात्र तिलाच धडधडलं. ती दारात उभी राहिली, माझ्याकडे बघून म्हणाली, "सोफ्यावर आडवा पडलेला नवरा," आणि थांबून लांब श्वास घेतला.

घरात दुसरं कुणी नव्हतं. उत्तर मलाच द्यावं लागलं.