नैवेद्याआधीचा घास

देव यांच्याकडे आणि डॉक्टर माझ्याकडे, अशी आमच्या घरात लग्नापासूनची वाटणी. यांचं मूळ गाव भालकीकडे, घराणं खंडोबाचं. सासरे नोकरीसाठी हैदराबादला आले आणि नल्लकुंट्यात घर केलं, तेव्हा देवाचे टाक ट्रंकेत कपड्यांच्या घड्यांमध्ये ठेवून बरोबर आणले होते. मार्गशीर्षात घट बसतात, यांचा सहा दिवसांचा उपास सुरू होतो आणि त्याच मुहूर्तावर माझी कटकटही. मी शाळेत विज्ञान शिकवलेली बाई. हात जोडायला माझी ना नव्हती, पण भरवसा ठेवायचा तो औषधावर, तपासणीवर आणि आपल्या दोन डोळ्यांवर, असं माझं मत. यांना साखर निघाली तेव्हापासून तर मी डोळ्यांत तेल घालून यांना जपत होते. "देवसुद्धा माझ्यावर इतकं लक्ष ठेवत नसेल," असं हे लोकांना हसत सांगत. मला त्यात माझं कौतुकच वाटायचं.

आमचं पळणंही त्या साखरेतूनच आलं. डॉक्टरांनी चालायला सांगितलं, चालता चालता हे पळायला लागले, आणि एकट्यांना कसं सोडायचं म्हणून मागोमाग मीही. पुढे एका गटाशी ओळख झाली. शहराबाहेरच्या राखीव जंगलात टेकड्यांना वळसा घालून जाणारी एक पायवाट आहे, रविवारी सकाळी हा गट तिथे पळतो. पन्नाशी उलटलेल्या माणसांनी दगडधोंड्यांतून धावावं, याचं आमच्या नातेवाइकांना फार हसू येतं. हसू देत. शेजारच्या विद्यानगरच्या सपाट रस्त्यावर कमावलेला दम तिथे पहिल्याच चढावर संपतो. पण वर पोचलं, की घरांएवढे गोल दगड एकमेकांवर तोललेले दिसतात, सीताफळीच्या झुडपांतून मोर ओरडतो, आणि आठवडाभराचा वैताग कुठल्या कुठे जातो. जंगलात रंग लावायचा नाही, फिती बांधायच्या नाहीत असा नियम आहे. म्हणून वाट चुकू नये यासाठी आमचा गट वळणावरच्या दगडांना हळदीचं बोट ओढून ठेवतो. ही युक्ती यांचीच.

मागच्या मार्गशीर्षातला तो रविवार. रविवार म्हणजे खंडोबाचा वार, त्यातून घट बसलेले. हे रात्री एकदाच जेवत होते. अशा दिवसांत सकाळी काही खाणार नसाल तर सकाळची गोळी घ्यायची नाही, हे डॉक्टरांनी मागच्याच वर्षी माझ्यासमोर बजावून सांगितलं होतं. पळायला सुरुवात झाली, हे नेहमीप्रमाणे पुढे निघाले, आणि जाता जाता मागे वळून मोठ्या उत्साहात म्हणाले, "अगं, आज गोळी न विसरता घेतलीय हं! तू उगाच धास्ती घेऊ नकोस."

पोटाला उपास आणि गोळी मात्र चालू! आणि ती घेतली होती माझ्याच धाकानं, मला बरं वाटावं म्हणून. "अहो, थांबा!" म्हणून मी ओरडले, पण हे पहिला चढ पार करून दिसेनासे झाले होते. यांच्यासाठी घेतलेला खजुराचा डबा गाडीत राहिला होता. मागे जाऊन तो आणावा, की आधी यांना गाठावं? मी पुढे धावले. रक्तातली साखर उतरायला लागली, की माणसाला आपल्याला काय होतंय हेही कळत नाही, हे मला ठाऊक होतं. मी इतक्या जोरात आयुष्यात कधी पळाले नसेन. गटातले एकदोघे भेटले. "सर तो आगे हैं मैडम, आज बहुत फॉर्म में हैं," असं म्हणाले. त्यांच्याकडे पाण्यापलीकडे काही नव्हतं.

एका वळणावर वाट फुटते. चष्म्यावर घाम उतरलेला, त्यातून डावीकडच्या दगडावर हळद दिसली आणि मी डावीकडे वळले. थोड्याच वेळात वाट अरुंद झाली, काटे पायजम्याला ओढायला लागले, आणि खाली बुटांचे ठसे दिसेनात. मी वाट चुकले होते. अशा वेळी चुकायचं! मला रडूच फुटलं. परत फिरणार, एवढ्यात एका मोठ्या दगडाच्या कडेला यांची पांढरी टोपी दिसली.

हे त्या दगडाला टेकून बसले होते. अंगावरचा सदरा पिळावा इतका भिजलेला, हात गार, डोळे उघडे पण नजर भलतीकडे. मला बघून म्हणाले, "घंटा झाली का शाळेची?" समोर कडुनिंबाखाली देवीचा एक शेंदरी दगड होता, पोचम्माचा. सगळीकडे हळद आणि कुंकू. मी यांना हलवलं, हाका मारल्या. फोनला रेंज नव्हती. कंबरेची पिशवी उलटी केली, तर त्यातून रुमाल निघाला. यांना काय झालंय ते मला पुरतं माहीत होतं, त्यावर काय करायचं तेही माहीत होतं, आणि करायला हातात साखरेचा कणही नव्हता. शहाणपण सगळं जागच्या जागी होतं आणि मी रिकामी बसले होते. तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "खंडेराया, मला आता काही सुचत नाही. तू बघ." असं मी याआधी कधी कुणाला म्हटलं नव्हतं, ना देवाला, ना माणसाला.

झाडीतून पलीकडच्या अंगानं एक बाई आली. माझ्याच वयाची, नवी साडी, डोक्यावर कडुनिंबाचा डहाळा खोवलेलं मातीचं मडकं, इकडे त्याला बोनं म्हणतात. पलीकडे जंगलाच्या कुंपणभिंतीला खिंडार पडलंय, त्यापाशी वस्ती आहे, तिथली. नाव यादम्मा, हे नंतर कळलं.

"क्या हुआ अक्का, इनकू?"

"शक्कर कम हो गई. कुछ मीठा है क्या?"

तिनं बोनं खाली घेतलं. आत गुळाचा भात होता, देवीच्या नैवेद्याचा, अजून वाफ निघत होती. माझा पुढे झालेला हात मागे आला. नैवेद्य दाखवण्याआधी त्याचा वाससुद्धा घेऊ नये, हे आमच्या सासूबाईंनी मला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. इतकी वर्षं देवाशी फारसं न जमलेली मी, आणि अडखळले मीच. यादम्मा अडखळली नाही. तिनं डहाळा बाजूला केला आणि बोटांनी भाताखालचा पातळ गूळ उचलला.

"अम्मा ठैरती अक्का. इनो नै ठैरते."

तिनं तो गूळ यांच्या गालाच्या आतल्या बाजूला चोळला. मग मी चोळला. पुन्हा तिनं. मी यांचं डोकं खांद्याशी धरून म्हणत राहिले, गिळा हो, थोडं गिळा. गिळा म्हणणं माझ्या हातात होतं, गिळणं नव्हतं. किती वेळ गेला सांगता येत नाही. यादम्मा तेलुगूत देवीशी काहीतरी बोलत होती, भांडल्यासारखं, हक्कानं. आणि यांच्या गळ्याची घाटी हलली. मग पुन्हा हलली. मग चिमूटभर भात, मग घास. हळूहळू नजर माझ्यावर येऊन थांबली. यांनी बोन्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि शुद्धीवर आल्याचा पुरावा दिला.

"अगं, माझा उपास आहे ना!"

मी हसले आणि हसता हसता ओक्साबोक्शी रडले. यादम्मालाही हसू आवरेना. मग तिनं उरलेला भात हातानं सारखा केला, डहाळा पुन्हा खोवला आणि बोनं देवीपुढे ठेवलं. हे चालेल ना, असं मी घाबरत विचारलं, तर म्हणाली, "क्या बोलती? मेरे कू डांटती क्या अम्मा?" जणू शेजारच्या घरातल्या मोठ्या बाईबद्दल बोलत होती.

हे तिथे का आले होते, ते यांनी नंतर सांगितलं. वळणावर हळद माखलेला दगड दिसला, भंडाराच वाटला, रविवारी देवाच्या वाटेवरून तसंच पुढे कसं जायचं म्हणून हे वळले. मी तीच हळद गटाची खूण समजून वळले. मुख्य वाटेवरून पळणाऱ्या कुणालाही हे दिसले नसते. मी यादम्माला विचारलं, तिकडच्या दगडाला हळद तुम्ही लोक लावता का? ती म्हणाली, "उधर से हम लोगां आतेच नै." गटातल्या कुणीही लावली नव्हती. असेल कुणीतरी लावलेली. मी त्याचा शोध केला नाही, आणि मुलांना प्रयोगाशिवाय काही मानू नका म्हणून शिकवलेल्या बाईनं शोध न करता स्वस्थ बसावं, यातच काय ते आलं.

डॉक्टरांनी यांची हजेरी घेतली, माझीही घेतली, गोळी बदलली. मी अजूनही यांना जपते, खजुराचा डबा आता कंबरेलाच असतो. पण सगळं मी धरून ठेवलंय म्हणून चाललंय, हा माझा भ्रम त्या निंबाखाली गळून पडला. आपण करायचं तेवढं करावं, आणि हात रिकामे झाले की ते जोडावेत. रिकाम्या हातांचीच ती जागा आहे, असं मला आता वाटतं. यादम्माला भेटायला आम्ही पुढच्या रविवारी साडी घेऊन गेलो. तिनं आम्हाला आधी जेवायला बसवलं.

पण त्याआधी चंपाषष्ठी आली. मी सकाळी वांगी भाजत होते, बाजरीचे रोडगे व्हायचे होते, यांची पूजा अजून मांडायची होती. हे आंघोळ करून सरळ स्वयंपाकघरात आले, स्वतःच ताट घेतलं आणि पाटावर बसले.

"वाढ," म्हणाले.

"अहो, नैवेद्य दाखवायचाय अजून."

यांनी देवघराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तो थांबेल," म्हणाले.

मी भरीत वाढलं, गरम रोडगा मोडून तूप घातलं. हे खाली मान घालून जेवत होते आणि मी देवघरासमोर हात जोडून उभी होते. त्या षष्ठीला आमच्या घरी खंडोबा उशिरा जेवला.