मोरिवाकीचा शब्द

जपानच्या शिमाने प्रांतातल्या त्या मचूळ पाण्याच्या तळ्यावर घरटी एकच परवाना असे. ज्याच्याकडे परवाना, त्यानं होडी काढायची आणि लांब दांड्याच्या दाताळ्यानं तळ खरवडून तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, गोळा करायचे. हात्सुएचा नवरा योशिरो हिवाळ्यात गेला. वर्षभरात घरातलं कुणी तयार झालं नाही, तर परवाना मच्छीमार मंडळाकडे परत जाणार होता. एकुलती मुलगी ओसाकाला नांदत होती.

"मग मीच जाते," हात्सुए म्हणाली.

लोक हसले. हसला नाही तो मोरिवाकी, योशिरोचा लहानपणापासूनचा दोस्त. "वहिनी, हातानं नका ओढू, कंबरेनं ओढा," म्हणत त्यानंच तिला शिकवलं. तिचे तळहात सोलले, खांदे भरून आले. पण पावसाळा संपेतो तिला वाऱ्यात होडी धरता येऊ लागली. दुपारी मोरिवाकी तिच्याच ओसरीवर जेवे.

"मंडळाची काळजी सोडा. मी बोलेन तुमच्या बाजूनं," तो म्हणे.

परवान्याचा निर्णय घ्यायच्या बैठकीत मंडळाच्या अध्यक्षांनी विचारलं, "हात्सुएबाईंबद्दल कुणाला काही सांगायचंय?"

मोरिवाकी उठला. चटईकडे बघत म्हणाला, "पश्चिमेचा वारा सुटला की भल्याभल्यांच्या होड्या उलटतात. उद्या वहिनींना काही झालं तर जबाबदार कोण? मला तरी हे पटत नाही."

शिकवणाऱ्यालाच पटत नाही म्हटल्यावर बाकीचे काय बोलणार? परवाना मोरिवाकीच्या जावयाला मिळाला. हिरोशिमातला त्याचा कारखाना बंद पडल्यामुळे तो बायकोपोरं घेऊन सासुरवाडीच्या गावी आला होता आणि वेगळं बिऱ्हाड करून राहिला होता.

आठवड्याभरात मोरिवाकी हात्सुएच्या दारात उभा राहिला. "योशिरोची होडी नुसती पडून राहील, वहिनी. जावयाला दिलीत तर..."

"भाऊजी, मला शिकवत होतात तेव्हाच हे ठरलं होतं का?"

"नाही हो. पण पोटची पोर परत आलीय. तिला गावात धरून ठेवायला काहीतरी हवं ना? तुम्ही माझ्या जागी असता तर..."

"तर आदल्या दिवशी येऊन तोंडावर सांगितलं असतं. निदान गप्प बसले असते."

होडी तिनं पलीकडच्या काठावरच्या एका माणसाला विकली. तो ती ओढून नेत होता तेव्हा मोरिवाकी धक्क्यावरच उभा होता. पुढं हात्सुए मात्सुए शहराच्या बाजारात तिसऱ्या निवडायच्या कामाला लागली. वाटेत मोरिवाकी भेटला की ती रीतीप्रमाणे वाकून नमस्कार करी आणि पुढं चालू लागे. त्याच्याशी ती पुन्हा कधीच बोलली नाही.