आईची दाढ आणि माझी छाननी

कचेरीत माझं काम दाखले तपासायचं. समोरचा खोटं बोलतोय असं धरूनच मी कागद हातात घेतो, आणि ही खोड घरीही सुटत नाही. त्यामुळे डाव्या बाजूची खालची दाढ दुखते असं आई म्हणाली, तेव्हा माझा पहिला संशय मिसरीवर.

भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड आईनं जन्मभर दातांना घासली होती. "सोडून वरीस झालं की," ती म्हणायची. मी म्हणायचो, "हात दाखव." मग तिची बोटं उलटीपालटी करून बघायचो. काळं काही दिसायचं नाही, पण असे स्वच्छ कागद मी कचेरीत पुष्कळ पाहिलेत.

दाढही चमत्कारिक. भाकरी चावताना गप्प, गार पाण्यानं गप्प. सकाळी दुधाची किटली घेऊन आई डेअरीचा चढ चढायला लागली की ठणकायची, आणि वाटेत शेजारणीच्या पायरीवर टेकलं की थांबायची. नेमकी त्या पायरीवर? तिथंच डबी लपवलेली असणार! एकदा मी चोरपावलांनी मागं गेलो. आई पायरीवर बसलेली, घामाघूम, हात जबड्याशी. सापडली म्हणून मी मनातून खूशच झालो. तिच्या पदराची गाठसुद्धा सोडून बघितली. काही मिळालं नाही, तेव्हा शेजारणीवर संशय घेतला.

शेवटी रोजची कटकट नको म्हणून तिला कोल्हापुरात दातांच्या डॉक्टरकडे नेलं. दाढ काढून टाका, एवढंच माझं म्हणणं. त्या तरुण डॉक्टरीणबाईंनी एकेक दात ठोकून पाहिला, गार फवारा मारला, एक्स-रे काढला.

"हिरड्या खराब आहेत, पण दाढ ठीक आहे. कधी दुखतं, आजी?"

"चढावर. बसलं की थांबतंय."

"छातीत काही होतं?"

"जरा भरून आल्यागत हुतंय. दुखत न्हाय."

बाई एकदम उठल्या. "आत्ताच्या आत्ता कार्डिओग्राम काढा. समोरच हॉस्पिटल आहे."

समोरच! दाताला कार्डिओग्राम? यांचं साटंलोटं असणार, याबद्दल मला तिळमात्र शंका उरली नाही. मी चपला घातल्या आणि आईला म्हणालो, दुसरा डॉक्टर बघू. बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "दाढ उद्याही काढता येईल. हृदयाचं दुखणं कधीकधी जबड्यात जाणवतं. आज यांना घरी नेऊ नका."

मी तरीही बधलो नसतो. आईच म्हणाली, "चल की, बघून तर यिऊ."

संध्याकाळी आई आयसीयूत होती. हृदयाची एक रक्तवाहिनी जवळजवळ बंद झालेली. दाढ काढून तिला घरी नेलं असतं आणि सकाळी परत किटली हातात दिली असती, हाच विचार मी बाहेरच्या बाकावर रात्रभर करत बसलो.

दोन दिवसांनी, धोका टळल्यावर, मोठे डॉक्टर तिच्या खाटेशी आले. मी शेजारीच उभा होतो.

"आजी, दोन महिने दुखत होतं, तर घरात सांगायचं नाही होय?"

"सांगत हुते की," आई म्हणाली. "ह्यो आधी हात बघायचा."